तिसरीच्या बाईंनी दिलेलं शून्य

आमच्या शाळेत त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बावीस वर्षं तिसरीचा वर्ग घेतला म्हणून त्या तिसरीच्या बाई. शिपाई तसंच म्हणायचा, मुख्याध्यापक तसंच म्हणायचे, आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा, जो स्वतः कधीतरी त्यांच्या हाताखालून गेला होता, गोळ्यांच्या पाकिटावर "तिसरीच्या बाई" असंच लिहून ठेवायचा. त्या मुख्याध्यापकांहून वयाने मोठ्या होत्या. उंच, किंचित वाकलेल्या, उजव्या हाताच्या बोटांवर खडूची पूड कायमची.

मी त्या शाळेत लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. मला तिसरीची ब तुकडी मिळाली, अ त्यांच्याकडे होती. मुळात तो एकच मोठा हॉल होता. मधे प्लायवूड ठोकून दोन वर्ग केले होते, त्यामुळे त्यांच्या वर्गातलं सगळं मला ऐकू यायचं. सकाळी सव्वादहाला त्यांची चाळीस मुलं पाढे म्हणायला लागायची आणि पलीकडे माझी मुलं नकळत ओठ हलवायला लागायची. दोनपासून पंधरापर्यंत, न थांबता. एखादं पोर अडखळलं की बाईंची पट्टी टेबलावर एकदा वाजायची. मुलांना त्या कधी मारत नसत. पट्टी वाजली की पोरं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

पुढे आमची ओळख वाढल्यावर त्यांनी मला सांगितलं की हे त्यांच्या वडिलांचं. वडील शिंपी. घरात चार मुलं. जेवायला बसण्याआधी प्रत्येकाने एक पाढा म्हणायचा, चुकला की ताट पुढ्यातून मागे सरकायचं. "मी काही हुशार नव्हते गं," त्या म्हणाल्या, "पण माझं ताट कधी सरकलं नाही." हे सांगताना त्यांना अभिमान वाटत होता की वाईट वाटत होतं, मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळत नसावं.

त्या वर्षी गणिताच्या परीक्षेचं रूप बदललं. पाढे लिहा, बेरजा करा, हे कमी झालं, आणि वेगळ्या तऱ्हेचे प्रश्न आले. वीस संख्या दिलेल्या असायच्या, त्यातल्या सहाच्या पटीतल्या ओळखून त्यांना गोल करायचे. संख्या साठाच्या पुढच्याही असायच्या, थेट दीडशेपर्यंत. सराव म्हणून आम्ही दोघींनी मिळून एक पेपर काढला आणि दोन्ही तुकड्यांना दिला.

निकाल बघून बाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या मुलांना सहाचा पाढा झोपेत विचारला असता तरी आला असता. पण चौऱ्याऐंशी ही सहाच्या पटीत आहे का, म्हटलं की पोरं सहा एके सहापासून सुरू करायची, सहा दाहे साठपर्यंत यायची आणि तिथेच खांब आडवा आल्यासारखी थांबायची. पाढा साठावर संपत होता, तेव्हा साठाच्या पुढे सहा नव्हतेच. निम्म्या मुलांनी सगळ्या सम संख्यांना गोल केले होते. वर्गातला पहिला मुलगा, ज्याचं अक्षर बाई दुसऱ्यांना दाखवायच्या, त्याचीसुद्धा सहा उत्तरं चुकली होती.

फक्त एका मुलीचं सगळं बरोबर होतं. तिला सगळे मुंगी म्हणायचे. हजेरीवर नाव मोठं होतं, पण ती लहानखुरी, आणि कायम काहीतरी उचलून नेत असायची, खडूचा डबा, वह्यांचा गठ्ठा, स्वतःपेक्षा मोठं दप्तर. आईवडील कामाला दुसऱ्या गावी होते, ती आत्याकडे राहायची. पाढ्यात ती सर्वांत मागे. सहाचा पाढा तिला सहा चोक चोवीसच्या पुढे कधी सलग आला नव्हता. आणि त्याच मुलीने वीसपैकी नेमक्या नऊ संख्यांना गोल केले होते. एक जास्त नाही, एक कमी नाही.

बाईंना आठवलं की पेपर चालू असताना मुंगी पेन्सिलीला टोक करायला टेबलापाशी आली होती. उत्तरांचा कागद टेबलावर उघडाच होता. झालं. एवढं त्यांना पुरे झालं.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून मी सगळं ऐकलं.

"उभी राहा. सहाचा पाढा म्हण."

बारीक आवाजात पाढा सुरू झाला आणि चोवीसनंतर थांबला. पट्टी वाजली. पुन्हा सुरू झाला, पुन्हा चोवीसला थांबला.

"पाढा येत नाही आणि एकशे अडतीस सहाच्या पटीत आहे हे तुला कळलं. कसं कळलं?"

"दिसलं," मुंगी म्हणाली.

"कुठे दिसलं? माझ्या टेबलावर?"

वर्ग हसला. चाळीस मुलं एकदम हसली की प्लायवूड थरथरतं, ते मी हाताने अनुभवलं, कारण मी फळ्यापाशी उभी होते आणि माझा हात भिंतीला टेकलेला होता.

"मी नाही बघितलं, बाई."

"मग सांग ना कसं काढलंस."

ती बोलली नाही. आठ वर्षांच्या मुलीला स्वतःच्या डोक्यात काय चाललंय ते चाळीस जणांसमोर उभं राहून सांगता येत नाही, हे आज मला कळतं. तेव्हा मला एवढंच वाटलं की हे बरं नाही चाललेलं. पण मी नवीन होते, आणि बाईंच्या मागे बावीस वर्षं होती. मी माझ्या मुलांना वह्या उघडायला सांगितलं.

बाईंनी तिच्या पेपरवर शून्य घातलं आणि खाली लिहिलं, "पाहून लिहिले." घरून सही आणायला सांगितली. सही आली. आत्याने वर काहीच लिहिलं नव्हतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी दुसरा सराव झाला. या वेळी बाराच्या पटी. सोळा संख्या, त्यातल्या सात बाराच्या पटीतल्या. बाईंनी मुंगीला पहिल्या बाकावर एकटीला बसवलं आणि उत्तरांचा कागद पर्समध्ये ठेवला.

ते पेपर त्यांनी रविवारी सकाळी घरी तपासायला घेतले. त्यांचे यजमान टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होते, नुकतेच निवृत्त झालेले. रविवारचा स्वयंपाक तेच करायचे, आणि बाई स्वयंपाकघरातल्याच टेबलावर वह्या पसरून बसायच्या. पुढचं सगळं मला बाईंनी नंतर सांगितलं, एकदम नाही, तुकड्यातुकड्याने.

मुंगीचा पेपर हातात आला. पहिला गोल शेहेचाळीसला. चूक. दुसरा चोपन्नला. चूक. तिसरा अठ्ठावन्नला. बाईंचं लाल पेन भराभर फुल्या मारत गेलं, आणि त्यांनी माझ्यापाशी कबूल केलं की त्या क्षणी त्यांना बरं वाटत होतं. आपलं खरं ठरलं, असं. आठव्या फुलीला हात जरा सावकाश झाला. नववी फुली मारून त्या थांबल्या. नऊ गोल आणि नऊच्या नऊ चूक. मग त्यांनी ज्या संख्यांना गोल नव्हते त्या पाहिल्या. अठ्ठेचाळीस, बहात्तर, चौऱ्याऐंशी, शहाण्णव, एकशे आठ, एकशे बत्तीस, एकशे चव्वेचाळीस. बाराच्या पटीतली एकूण एक संख्या तिने सोडून दिली होती.

"अहो, जरा इकडे या," बाई म्हणाल्या.

यजमान हात पुसत आले. त्यांनी कागद पाहिला, चष्मा आणला आणि पुन्हा पाहिला.

"न वाचता गोल केले असतील," बाई म्हणाल्या.

"न वाचता केले असते तर एखादा तरी चुकून बरोबर आला असता," ते म्हणाले. "हिने एकसुद्धा बरोबर येऊ दिलेला नाही. एवढं चुकायला सगळं यावं लागतं. मला नाही जमायचं, तुला जमेल."

ते थट्टेत बोलले होते आणि भाजी लागत होती म्हणून परत वळले. उरलेले पेपर त्या दिवशी तपासले गेले नाहीत.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी मुंगीला एकटीला थांबवलं. मी वह्या न्यायला आत गेले होते, मला त्यांनी डोळ्यांनीच थांब म्हटलं. एकटीने विचारायचा त्यांना धीर होत नसावा.

"हे तू मुद्दाम केलंस?"

मुंगीने मान हलवली. हो.

"का गं?"

ती बराच वेळ बाकाच्या कडेवर नख घासत राहिली. मग म्हणाली, "बरोबर आलं की तुम्ही रागावता."

यात उद्धटपणा नव्हता. कुणी विचारावं बस किती वाजता येते आणि आपण सांगावं, तसं तिने सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, "जा, डबा खा."

त्या संध्याकाळी त्या मुंगीच्या आत्याला भेटायला गेल्या. मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर." मी गेले.

आत्या अंड्यांच्या गोदामात कामाला होती. शटरच्या आत लांबलचक खोली, भिंतीला लावलेले पुठ्ठ्याचे ट्रे छताला टेकायला आलेले. एका ट्रेमध्ये तीस अंडी, सहा-सहाच्या पाच रांगा. बायका अंडं दिव्यासमोर धरून बघायच्या, खराब असेल ते बाजूला, चांगलं असेल ते सहाच्या खोक्यात. पुसलेल्या फरशीचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. मुंगी एका उलट्या क्रेटवर बसून खोक्यांची झाकणं लावत होती. आम्हाला बघून तिने मान खाली घातली ती वर केली नाही.

आत्या चाळिशीची, दंडापर्यंत बाह्या सारलेली. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही. बसायला काही नव्हतंही.

"पुन्हा काही केलं का हिने?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मला विचारायचं होतं, हिला पटी कशा येतात?"

"पटी म्हणजे?"

बाईंनी एकशे अडतीसचं उदाहरण देऊन सांगायला सुरुवात केली, आणि आत्याने मधेच हात वर केला. ती मुंगीकडे न बघता म्हणाली, "ए, एकशे अडतीस."

"तेवीस खोकी," मुंगी खाली बघत म्हणाली. "सुटं काही नाही."

"एकशे चाळीस."

"दोन सुटी."

"हे असं," आत्या म्हणाली. "शाळा सुटली की माझ्याबरोबर इथेच असते. मी ट्रे सांगते, ती खोकी सांगते. पाढाबिढा मलाही येत नाही."

बाईंच्या डोक्यात ते कसं उतरत होतं, मी बघत होते. एकशे वीस म्हणजे चार ट्रे. वर अठरा, म्हणजे तीन खोकी. उरलं काही नाही, म्हणजे सहाच्या पटीत. मुलीला खरंच दिसत होतं. बावीस वर्षांत जे त्यांनी कधी फळ्यावर काढून दाखवलं नव्हतं, ते समोर छतापर्यंत रचून ठेवलेलं होतं.

"आणि सातची खोकी असती तर?" बाईंनी मुंगीला विचारलं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"सातची खोकी नसतात," मुंगी म्हणाली.

एक-दोन बायका हसल्या. बाईही हसल्या असत्या, पण आत्या हसली नाही.

"बाई, स्पष्ट बोलते," ती म्हणाली. "तुम्ही शिकलेल्या आहात, मी नाही. पण ही पोर तीन आठवडे झाले सकाळी पोट दुखतं म्हणून रडते. रस्त्यातली पोरं हिला कॉपी म्हणतात. मी हिला एकदाच विचारलं, तू बघून लिहिलंस का. नाही म्हणाली. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही."

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या.

"हे इथे नका सांगू. वर्गात बोललात ना, तर वर्गात सांगा."

"उद्याच सांगते," बाई म्हणाल्या, आणि हे त्या मुंगीच्या समोर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. विचारायला नव्हे, नुसतं कानावर घालायला. पण सरांनी दार लावून घेतलं. शाळेची तपासणी दहा दिवसांवर आली होती. सर वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही वर्गासमोर चूक कबूल केलीत की ते चाळीस घरांत जाईल. मग मागची प्रकरणं निघतील. पालक म्हणतील, माझ्या मुलालाही असंच केलं होतं, माझ्या मुलीला नापास केलं होतं. तपासणी होऊन जाऊ दे. मग निवांत सांगा. मुलं काय, विसरतात."

बाई वर्गावर आल्या.

मुंगी त्या दिवशी पंधरा मिनिटं लवकर आली होती. घट्ट वेण्या, धुतलेले मोजे. ती पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसली. पहिला तास झाला, दुसरा झाला. मधली सुट्टी झाली, ती बाहेर गेली नाही. मी दारातून दोनदा पाहिलं. तिची नजर सारखी बाईंवर होती. बाईंनी फळ्यावर भूगोल लिहिला, मग भाषेचा धडा घेतला, मग चित्रकलेच्या वह्या वाटल्या. शाळा सुटली. मुंगीने दप्तर उचललं आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

त्या दिवशी मी बाईंशी भांडले. भांडले म्हणजे स्टाफरूममध्ये त्या चहा ओतत होत्या आणि मी म्हटलं, "तुम्ही तिला उद्या म्हणाला होतात." त्यांनी किटली खाली ठेवली.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळी मला वाटलं ती खोटी आहे. परवा मला ठाऊक होतं ती खरी आहे. हे जास्त वाईट आहे, नाही का?"



मग त्यांनी मला आणखी एक सांगितलं, जे त्यांनी यजमानांनाही सांगितलं नव्हतं. पंधराएक वर्षांपूर्वी त्यांच्या वर्गात एक मुलगा होता. तो नेहमी बाकाखाली बोटं हलवून काहीतरी करायचा आणि उत्तर बरोबर आणायचा. बाईंनी त्याला हात बाकावर ठेवायला लावले. त्यानंतर त्याची उत्तरं चुकायला लागली, आणि बाईंनी त्याला मागच्या बाकावर बसवलं. "तो बोटांवर काय करत होता, मी कधी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "आता त्याचं नावही आठवत नाही. केसांना पाणी लावून यायचा, एवढंच आठवतं. असे किती असतील गं?"

त्या संध्याकाळी त्या एकट्याच गोदामात गेल्या. आत्या कामावरून उठली नाही, तिने अंडी बघणंही थांबवलं नाही. बाई दिव्यापाशी अर्धा तास उभ्या होत्या, असं त्या म्हणाल्या. शेवटी आत्या म्हणाली, "उद्या पाठवते. शेवटचं."

सकाळी बाईंनी प्रार्थनेनंतर वर्गाचं दार उघडं ठेवलं आणि मला निरोप पाठवला की तुझी मुलंही आण. ऐंशी मुलं दाटीवाटीने बसली, काही उभी राहिली. सरांनी व्हरांड्यातून पाहिलं आणि ते पुढे गेले.

बाईंच्या हातात पट्टी नव्हती. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

"महिन्यापूर्वी मी मुंगीला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं," त्या म्हणाल्या. "तिने कुणाचंही पाहिलं नव्हतं. तिचं सगळं बरोबर होतं. तिने ते पाढ्याशिवाय काढलं, आणि पाढ्याशिवाय येतं हे मलाच माहीत नव्हतं. मग मी सांगते म्हणाले आणि तीन दिवस सांगितलं नाही, तेही माझंच चुकलं. मुंगी, मी चुकले."

मग मागून कुणीतरी विचारलं, अगदी खरं जाणून घ्यायचं म्हणून, "बाई, मग तुम्हाला शून्य?"

"हो," बाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी मुंगीकडे पाहिलं. ती पेन्सिलीचं टोक बघत बसली होती. बाईंना वाटलं असेल ती मान वर करील, काही बोलेल, निदान रडेल. तसं काही झालं नाही. थोड्या वेळाने तिने वही उघडली आणि तारीख लिहायला लागली.

त्याच आठवड्यात आत्याने शाळेत अर्ज दिला की मुलीला ब तुकडीत घ्यावं. कारणाच्या जागी लिहिलं होतं, "मुलीची इच्छा." सरांनी तो बाईंच्या पुढे ठेवला. बाईंनी लगेच सही केली आणि मुंगीचा हजेरीचा कागद स्वतः माझ्याकडे आणून दिला.

पुढचे महिने त्यांचं शिकवणं बदललं, पण ते सुखाने बदललं असं मी म्हणणार नाही. त्यांनी गोदामातून रिकामे ट्रे आणले, चिंचोके आणले. मुलं चिंचोके सहा-सहाच्या रांगांत मांडायची, चार-चारच्या, नऊ-नऊच्या. शेवटची रांग भरली तर पटीत, सुटं राहिलं तर नाही. ज्यांना पाढे कधी आले नव्हते अशी काही पोरं पुढे आली. पण जी पाढ्यांच्या जोरावर पहिली होती त्यातल्या एक-दोघांना रडू यायचं, घरून चिठ्ठ्या यायच्या की आमच्या मुलाचा आत्मविश्वास गेला. पहिल्या मुलाचे वडील भेटायला आले आणि म्हणाले, शाळेत चिंचोके खेळायला पाठवत नाही आम्ही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी अ तुकडीला मध्यम शेरा दिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. सर नंतर बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

आणि त्यांची चिडही पुरती गेली नव्हती. प्लायवूडच्या पलीकडून मला ऐकू यायचं. एखादं पोर फार वेळ लावायचं आणि बाईंचा आवाज चढायचा, "अरे, आठ सत्ते किती." मग एकदम शांतता. आणि मग, ओढून आणलेल्या आवाजात, "बरं. तू कसं केलंस ते दाखव मला." कधी ते पोर दाखवायचं आणि त्यात काहीच नसायचं, नुसता अंदाज. तेही त्या शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या. तास संपून जायचा, ठरवलेला भाग राहून जायचा.

मुंगी माझ्या वर्गात बरी रमली. बोलायची कमी, पण मैत्रीण मिळाली. सात आणि अकरा तिला अवघड जायचे, पण हळूहळू जमले. हात मात्र तिने वर्षभरात एकदाही वर केला नाही. मी नाव घेऊन विचारलं तर उत्तर द्यायची, आणि देताना आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायची. मी कितीही हसरा चेहरा ठेवला तरी आधी बघायचीच. बाई मधल्या सुट्टीत मला विचारायच्या, "कशी आहे?" मी म्हणायचे, "चांगली आहे." मुंगीचं ते माझ्याकडे बघणं मी त्यांना कधी सांगितलं नाही. व्हरांड्यात समोरासमोर आल्या तर मुंगी भिंतीला लागून चालायची, आणि बाई मुद्दाम दुसऱ्या बाजूने जायच्या, तिला वाट मिळावी म्हणून.

वार्षिक निकालाच्या दिवशी आत्या आली. मुंगी पास झाली होती, गणितात चांगले गुण होते. आत्या म्हणाली की आईवडिलांनी तिकडे खोली घेतली आहे, आता मुलीला घेऊन जाताहेत, शाळा सोडल्याचा दाखला हवा. दाखला तयार होईपर्यंत त्या दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. बाई आपल्या वर्गाच्या दारात उभ्या होत्या. त्यांना बोलायचं होतं हे मला दिसत होतं. पण त्या पुढे गेल्या नाहीत. मला वाटतं, त्या पोरीवर आणखी काही लादायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

शिपायाने दाखला आणून दिला. आत्याने घडी करून पिशवीत ठेवला आणि दोघी निघाल्या. बाईंच्या दारासमोरून जाताना आत्याने मान लववली. मुंगी दोन पावलं पुढे गेली, थांबली आणि म्हणाली, "बाई, येते."

"ये हं," बाई म्हणाल्या.

त्या फाटकाबाहेर गेल्यावर बाईंनी मला विचारलं, "सवयीने म्हणाली, की मला म्हणाली?"

मला ठाऊक नव्हतं. तसं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझ्याकडचे निकालाचे कागद आण, एकत्र लावून टाकू, सर वाट बघताहेत.

त्यानंतर त्यांनी आणखी चार वर्षं तिसरीचा वर्ग घेतला आणि त्या निवृत्त झाल्या. मुंगीची काही खबर कुणाला कळली नाही.